आक्कांची सायकल आणि कॅलिफोर्नियाची पोरं



गेल्या वर्षी आठ मार्चला आमच्या गटाच्या हातून एक चूक झाली. ती आज तुम्हाला सांगायची आहे, आणि त्या चुकीपायी आम्ही कुठं जाऊन पोचलो तेही सांगायचं आहे. कुठं म्हणाल, तर थेट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. विमानानं नव्हे हो, गटाच्या बैठकीत सतरंजीवर बसूनच.

आमच्या गटात एक आक्का होत्या. आमच्या गावात सायकल चालवणारी पहिली बाई त्याच. घरच्या दोन म्हशींचं दूध डेअरीवर घालायला रोज पहाटे जायच्या. सायकल पुरुषांची, मोठ्या दांड्याची, काळी. आक्का नऊवारी नेसायच्या, कासोटा घातलेला, त्यामुळे दांड्याची अडचण कधी झाली नाही. पाचवारी नेसणाऱ्या आम्ही सगळ्या मागेच राहिलो! किटल्या अडकवायला त्यांनी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे जोडून घेतले होते.

आक्का गेल्यावर त्यांच्या मुलानं सायकल गटाला दिली. भंगारात घालण्यापेक्षा तुम्ही ठेवा, म्हणाला. आम्हाला कोण आनंद! महिला दिनाला ती समाजमंदिरात मांडायची ठरली. मग काय, पॉलिश पेपर आणला, सगळा जुना रंग लोखंड दिसेपर्यंत घासून काढला. गटाच्या साडीचा जांभळा रंग मारला. नवी सीट, नव्या मुठी, नवे स्टिकर. आकडे वाकडेतिकडे, गंजलेले दिसत होते, ते कापून भंगारवाल्याला दिले. सायकलीला हार घातला, टाळ्या वाजल्या.

कार्यक्रमाला आक्कांची लेक सासरहून आली होती. ती आत आली, इकडं तिकडं बघितलं आणि आम्हाला विचारलं, "आईची सायकल कुठं ठेवलीय?"

ती सायकलीच्या शेजारीच उभी होती.

त्या रात्री आमच्यातल्या कुणालाच नीट झोप लागली नाही. आम्ही तर जपायलाच गेलो होतो ना?

पुढे दिवाळीत आमच्यातल्या एकीचा भाचा आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला जुन्या सायकलींचं वेड, त्यातही लहान चाकांच्या बीएमएक्स सायकलींचं. बाजारात मुलांसाठी जाड टायरच्या, मडगार्ड नसलेल्या, वीस इंची चाकांच्या सायकली मिळतात, दुकानदार त्यांना बीएमएक्सच म्हणतो, त्याच. त्यानं आमची जांभळी सायकल पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हीच चूक अमेरिकेत हजारो लोकांनी केली, आणि आता जन्मभर ती निस्तरताहेत," म्हणाला. ते लोक कोण, त्यांनी काय केलं, हे आम्ही त्याच्याकडून तीन बैठका ऐकलं. आज तेच तुम्हाला सांगतो.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. मोटोक्रॉस ही मोटारसायकलींची शर्यत, पण डांबरी रस्त्यावर नाही तर मातीच्या चढउतारांवर, उड्या मारत. दक्षिण कॅलिफोर्नियात हा खेळ फार लाडका. लहान पोरांना मोटारसायकल कोण देणार? त्यांच्याकडे होत्या श्विन कंपनीच्या स्टिंग-रे नावाच्या सायकली. १९६३ साली निघालेल्या, वीस इंची चाकं, उंच हँडल, केळ्यासारखी लांब सीट. पोरांनी त्यांची मडगार्डं काढून टाकली, जड वाटेल ते सगळं काढलं, आणि मोकळ्या रानात मातीचे उंचवटे करून शर्यती लावल्या. आपली पोरं टायर फिरवत माळावर पळायची, तसंच ते.

१९७० च्या नोव्हेंबरात लाँग बीच गावी स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं एका पडीक जागेत रीतसर शर्यती भरवायला सुरुवात केली. प्रवेश फी पाव डॉलर. बक्षिसाला ढाली कुठून आणायच्या? स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत जिंकलेल्या ढाली त्यानं दिल्या. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, मोटारसायकलींवरचा एक माहितीपट आला, 'ऑन एनी संडे'. त्याची सुरुवातच सायकलवरून मातीत उड्या मारणाऱ्या पोरांनी होते. तो पाहून गावोगावची पोरं पेटली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सायकली उड्या मारायला बनवलेल्याच नव्हत्या. रिमा वाकायच्या, तारा तुटायच्या, पुढचा चिमटा दुमडायचा. मग गल्लीबोळातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी मजबूत भाग करायला घेतले. स्किप हेस नावाच्या माणसानं १९७४ च्या सुमारास तारा नसलेलं, एकसंध ओतीव धातूचं चाक काढलं, त्याचं नाव मोटोमॅग. त्याच्याच कंपनीची पुढे मंगूस नावाची सायकल आली. रेडलाइनवाल्या लिन कॅस्टननं पोकळ पण चिवट पोलादी नळीचा पुढचा चिमटा काढला. बघता बघता मोठ्या कंपन्याही उतरल्या. मोटारसायकलवाल्या यामाहानं १९७४ मध्ये पुढं-मागं शॉकअब्सॉर्बर लावलेली लहान मुलांची सायकल काढली. इंग्लंडमध्ये रॅले कंपनीनं १९८२ साली बर्नर नावाची बीएमएक्स आणली. रॅले हे नाव आपल्यातल्या थोरल्या बायकांना ठाऊक असेल. लग्नात जावयाला रॅले मिळाली, तर गावभर बोलबाला व्हायचा! त्याच साली 'ई.टी.' नावाचा सिनेमा आला. त्यात पोरं सायकलवरून आकाशात उडतात. त्या सायकली जपानमधल्या ओसाकाच्या कुवाहारा कंपनीच्या होत्या. सिनेमा जगभर गेला आणि बीएमएक्सही.

मग पोरं मोठी झाली. आणि इथेच घात झाला.

मोठी गाडी, राजवाडा, देवीची मूर्ती यांचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवतं. पोराच्या सायकलीचा कोण ठेवणार? पोरगा कॉलेजला गेला, आईनं सायकल काढून टाकली. कुणी शेजारच्याला दिली, कुणी अंगणात मांडून चार डॉलरला विकली, कुणी भंगारात घातली. (आईला नावं ठेवू नका. घर आवरणारी तीच असते, जागा तिलाच लागते.) कंपन्यांचं काय? कितीतरी वर्कशॉप दोन-चार वर्षांत बंद पडली, त्यांची दप्तरं गेली. श्विनसारख्या जुन्या, १८९५ पासूनच्या कंपनीचंही १९९२ मध्ये दिवाळं निघालं. म्हणजे कोणती सायकल कोणत्या साली, कोणत्या रंगात, किती निघाल्या, याची सरळ उत्तरं मिळणं अवघड झालं. ती पोरं चाळिशी-पन्नाशीची झाली, तेव्हा त्यांना आपल्या लहानपणाची आठवण आली आणि ती शोधायला लागली.

त्यांना सगळ्यात जास्त आधार कशाचा मिळाला, सांगू? जुन्या मासिकांचा. आणि त्या मासिकांमागे बाया होत्या!

या खेळाचं पहिलं वर्तमानपत्र, 'बायसिकल मोटोक्रॉस न्यूज', १९७४ साली एलेन होल्ट या बाईनं सुरू केलं. दोन वर्षांनी, १९७६ च्या शेवटी, बॉब ऑसबर्न यांनी 'बीएमएक्स अॅक्शन' मासिक काढलं. ते घरच्याच माणसांनी चालवलेलं. मुलगा सायकलीवर कसरती करायचा आणि मुलगी विंडी फोटो काढायची. ही विंडी ऑसबर्न तरुणपणीच त्या मासिकाची मुख्य छायाचित्रकार झाली. पोरं हवेत असताना खाली मातीत पडून, धूळ खात तिनं फोटो काढले. आज एखाद्याला विचारायचं असेल की अमुक साली या सायकलीला हँडल कोणतं होतं, मुठी कोणत्या रंगाच्या होत्या, तर तो विंडीचे फोटो भिंग घेऊन बघतो. तेव्हा तिनं इतिहास म्हणून ते काढले नव्हते, पुढच्या अंकासाठी काढले होते. आमच्या एका मावशी हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या हळदीकुंकवाच्या फोटोत मागं जे जातं उभं दिसतं, तसंच की." अगदी तसंच.

शर्यतीतही मुली होत्या. सॅक्रामेंटोची शेरी एलियट १९८० च्या आसपास लहान वयात उतरली आणि तिनं नाव कमावलं, पुढे ती डोंगरी सायकलींच्या शर्यतीत गेली. २००८ मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स पहिल्यांदा आलं, ते पुरुष आणि महिला दोघांसाठी एकदमच. महिलांचं पहिलं सुवर्णपदक फ्रान्सच्या अॅन-कॅरोलिन शोसोंनं घेतलं.

आता मुद्द्याचं. हे लोक शोध घेतात तरी कसा?

आपल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं की नाही? कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कोणती तारीख. शंभर तांबे एका ओळीत ठेवले तरी आपला तांब्या आपण ओळखतो. सायकलीलाही तसं नाव असतं, तो तिचा नंबर. पेडलचा दांडा फ्रेममधून जिथं आरपार जातो, त्या नळीच्या खाली किंवा मागच्या चाकाची खाच असते तिथं तो ठोकलेला असतो. बऱ्याच जणींनी आपल्या घरच्या सायकलीचा नंबर कधी पाहिलेलाही नसेल. आम्हीही पाहिला नव्हता.

फ्रेमचाच नाही, सुट्या भागांवरही खुणा असतात. जपानच्या शिमानो कंपनीच्या त्या काळच्या भागांवर इंग्रजीतली दोन अक्षरं ठोकलेली असत. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. म्हणजे एफ आणि सी दिसलं, तर तो भाग १९८१ च्या मार्चमधला. पण म्हणून सायकल १९८१ ची असं लगेच म्हणत नाहीत. ब्रेक मागाहूनही बदललेला असू शकतो. चार भाग सुटे करून बघायचे, चौघं एकच साल सांगतात का पाहायचं, मग फ्रेमच्या नंबराशी पडताळायचं, मग मासिकातल्या जाहिरातीशी. आपण सोयरीक जमवताना चार घरी चौकशी करतो, एकाच्या बोलण्यावर मुलगी देत नाही, तशी ही चौकशी.

आणि माणसांना विचारतात. म्हातारे वर्कशॉपवाले, दुकानदार, शर्यती भरवणारे. पण माणसाला साल आठवत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून विचारायची युक्ती. ती सायकल 'ई.टी.' सिनेमाच्या आधीची की नंतरची, असं विचारलं की झटकन आठवतं. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरला केवढा होता, असं विचारा. आम्ही तसंच केलं. ते पुढे सांगतोच.

त्या लोकांचा एक नियम आम्हाला फार लागला. मूळ रंग एकदाच असतो. तो घासून काढला की परत आणता येत नाही. ओरखडे असलेली, स्टिकर अर्धे फाटलेली पण मूळ रंगाची सायकल तिथले जाणकार मोलाची मानतात. नवी कोरी करून ठेवलेली कितीही चकाकली तरी ती आजची असते. त्यात पैशाचाही खेळ आहे. नामांकित जुन्या बीएमएक्सला आता हजारो डॉलर मिळतात, त्यामुळे नवे छापलेले जुन्यासारखे स्टिकर लावून फसवणारेही निघाले. मूळ रंग आणि जुनी धूळ हीच मग साक्षीदार ठरते.

यावर त्यांच्यात भांडणंही आहेत बरं का. काहींचं म्हणणं, सायकल दुकानातून निघाली तशीच असली पाहिजे, प्रत्येक भाग त्याच सालचा. पण बीएमएक्स चालवणारं पोरगं कधी सायकल दुकानातल्यासारखी ठेवायचं का? खाऊचे पैसे साठवून कुठून हँडल आणायचं, कुठून चाकं, मित्राशी सीट बदलायचं. मग खरी सायकल कोणती? दुकानातली की पोराची? भाच्याला आम्ही विचारलं, तर तो म्हणाला, तिकडेही याचा निकाल लागलेला नाही. आमचा मात्र लागला. आक्कांच्या सायकलीतलं दुकानातलं तेवढं सगळं उरलं आहे, फ्रेम आहे, हँडल आहे, चाकं आहेत. आक्कांनी स्वतः जे जोडलं होतं, ते आकडे आम्ही तुकड्याच्या भावानं विकले. म्हणून तर लेकीला सायकल ओळखता आली नाही.

घरात कुणाची जुनी वस्तू असेल, सायकलच असं नाही, तर हात लावण्याआधी चार गोष्टी करा. आधी चारी बाजूंनी फोटो काढा, उजेडात, नंबरचा जवळून. मग मऊ फडक्यानं धूळ पुसा. मळ चिकट असेल तर साध्या साबणाचं पाणी, लगेच कोरडं करा, आणि लोखंडाला हलका तेलाचा हात. पॉलिश पेपर आणि तारेची घासणी दूर ठेवा. चकचकीत क्रोमच्या भागावर गंजाचे ठिपके असतील, तर डब्यात पोळी गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा, गंज उतरतो. रंगावर मात्र तो कागद फिरवू नका, आणि स्टिकरला तर अजिबात हात लावू नका. नंबर पुसट झाला असेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्यावर कागद धरून करायचो ना, तसं. प्लास्टिकचे भाग उन्हात ठेवू नका, ठिसूळ होतात. टायरमध्ये थोडी हवा राहू द्या, रिकाम्या टायरवर सायकल उभी राहिली की ते दुमडून चिरतात.

आणि त्या वस्तूचं कुणी माणूस हयात असेल, तर आधी त्याच्याशी बोला. फोन समोर ठेवून, विचारून, त्याच्या परवानगीनं. बोलणं सुरू होताच तारीख आणि गावाचं नाव मोठ्यानं सांगा, नाहीतर वर्षानं कुणाचा आवाज आहे तेही कळत नाही.

आता आमच्या जांभळ्या सायकलीचं पुढे काय झालं ते ऐका.

भाच्यानं सायकल उलटी केली. पेडलच्या नळीखाली दोन थर रंगाच्या आत नंबर होता. कागद-पेन्सिलीनं तो उमटला, एक आकडा सोडून. आक्कांच्या मुलानं घरातली ट्रंक उघडली. त्यात लग्नपत्रिकांच्या खाली एक पितळी बिल्ला मिळाला, पूर्वी सायकलीचा कर भरला की मिळायचा तसला, त्यावर साल ठोकलेलं. तालुक्याला एक जुने सायकलमिस्त्री आहेत, आता डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी फ्रेमवर हात फिरवला आणि कॅरिअरच्या खालच्या जोडाला बोट लावून म्हणाले, "इथं माझं वेल्डिंग हाय." आकडे त्यांनीच बसवले होते. केव्हा, ते आठवेना. भूकंपाच्या आधी की नंतर, विचारलं, तर म्हणाले, आधी, भूकंप झाला त्या सकाळी ही बाई दूध घेऊन आली होती आणि डेअरीवर कुणीच नव्हतं.

ही गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. आक्कांनी कधी सांगितली नाही.

आकडे काही मिळाले नाहीत. भंगारवाल्याकडे दोनदा जाऊन आलो, माल कधीच पुढं गेला होता. पण एका लग्नाच्या अल्बममध्ये मांडवाच्या कडेला उभी केलेली सायकल सापडली, दोन्ही किटल्यांसकट. फोटो नवरा-नवरीचा, सायकल चुकून आलेली.

आता ती पुन्हा काळी रंगवायची का, यावर बैठकीत बराच वाद झाला. काही जणींचं म्हणणं, रंगवू, निदान दिसायला तरी आक्कांची होईल. शेवटी ठरलं, नाही. खोटा काळा रंग लावून आपली चूक झाकायची नाही. सायकल जांभळीच ठेवली आहे. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, कोणत्या तारखेला आम्ही काय घासलं, काय कापलं, काय नवीन लावलं, आणि काय सापडलं. नंबर, बिल्ला आणि लग्नातला तो फोटोही तिथं आहे. आक्कांच्या लेकीनं येऊन ते सगळं वाचलं. मग सीटच्या खाली हात घालून एक जागा चाचपली, तिथली एक पोच आमच्या पॉलिश पेपरमधून वाचली होती. ती कशी पडली, हे तिनं आम्हाला तासभर सांगितलं.

ते बोलणं आम्ही तिच्या परवानगीनं फोनवर घेतलं आहे. पुढच्या गुरुवारी याच वेळी ऐकवू. ज्यांच्या लेकींना शाळेत जायला सरकारकडून सायकल मिळाली आहे, त्यांनी तोवर ती उलटी करून नंबर तेवढा वहीत उतरवून ठेवा, शेजारी लेकीचं नाव आणि सायकल मिळाल्याची तारीख. कार्यक्रम धारा काढायच्या वेळेआधी संपेल, काळजी करू नका.

नमस्कार.